खिडकीची जागा

आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बरेच महिने रेल्वेच्या ताब्यात होता. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही तिघं जेवायचो: मी, माझा नवरा आणि सासरे. मधे वर्तमानपत्राची हद्द घातलेली. भाजीचं भांडं त्या हद्दीपलीकडे सरकलं की सासरे मान वर न करता म्हणायचे, “रंग ओला आहे हं.”

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हात अजून स्थिर, बोलणं मोजकं. मी इस्पितळात एक्स-रे काढते, त्यामुळे माझंही बोलणं ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ एवढ्यावर भागतं. घरातल्या गप्पांचं सगळं खातं सासूबाईंकडे होतं आणि त्या गेल्यावर ते बंदच पडलं. माझा नवरा बोलतो, पण फोनवर.

सासूबाई मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले, त्यानंतरचा एक्स-रे मीच काढला. काठी घेऊन चालायलाही लागल्या होत्या. मग एका साध्या दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. लांबच्या गाडीने कुठेतरी जायचं असं त्या दोघांचं वर्षानुवर्षं ठरत होतं. कुठे जायचं ते कधी ठरलं नाही. सासूबाईंचं म्हणणं एवढंच असायचं की कुठेही न्या, मला खिडकीची जागा द्या.

त्यानंतर अण्णा खुर्चीत बसून राहायला लागले. पेपर हातात, पान तेच. मला काळजी वाटत होती, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

उपाय इस्पितळात माझ्या टेबलावर येऊन झोपला. गुडघ्याचा एक्स-रे काढायला एक उंचपुरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले होते. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फोरमन होते, आता जुन्या रेल्वेच्या संग्रहालयाचं काम बघायचे. पाय हलवू नका म्हटलं तर तोंड हलवत राहिले. “माणसं मिळत नाहीत हो. दर शनिवारी हवीत. चहा आमचा, कंबरदुखी ज्याची त्याची.”

त्या शनिवारी मी अण्णांना घेऊन गेले. नुसतं बघून येऊ म्हणून गेलो आणि परतताना आमच्या दोघांच्या नखांत रंग होता.

संग्रहालय म्हणजे वापरातून गेलेल्या मालधक्क्यावरची लांबलचक शेड. वर पत्रा, पत्र्याखाली कबुतरं, आणि तेल, गंज, ओलं लाकूड यांचा एकत्र वास. एका रुळावर लहानसं डिझेल इंजिन उभं होतं. फोरमनसाहेबांच्या भाषेत ते ‘मूड असला तर’ चालायचं. दुसऱ्या रुळावर तो डबा होता.

डबा लाकडी, फार जुन्या पद्धतीचा. आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची सोय नाही. कप्प्यांमागून कप्पे, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी स्वतःचं दार, आत समोरासमोर दोन बाक. खिडकीची काच कातडी पट्ट्याने वरखाली करायची. अण्णांच्या वाट्याला मधला कप्पा आला. पापुद्रा काढावा तसा ते रंग काढायचे: वरचा करडा, त्याखाली हिरवा, त्याखाली गडद लाल. लालाखाली लाकूड दिसलं की तिथे अंगठा फिरवायचे. मी पितळी कड्या घासायचे. दुपारी सगळे शेडच्या दाराशी सावलीत जेवायला बसत. अण्णा मात्र आपला जेवणाचा डबा घेऊन मधल्या कप्प्यात जायचे.

“एकटेच काय बसता?” मी विचारलं.

“बरं वाटतं,” ते म्हणाले. चेहऱ्यावरून खरंच बरं वाटत असावं.

पहिली गोष्ट मला त्या खिडकीची खटकली. आम्ही सकाळी पोचायचो तेव्हा मधल्या कप्प्याची खिडकी उघडी असायची. मागच्या शनिवारी मी स्वतः ती ओढून घेतलेली, पट्टा खिळ्यात अडकवलेला. आठवडाभर शेडला कुलूप आणि किल्ली फोरमनसाहेबांच्या खिशात.

“लाकूड आहे,” ते म्हणाले. “फुगतं, आकसतं. पट्टा सुटतो.”

लाकूड फुगतं हे मला मान्य होतं. बाकीच्या खिडक्यांचं लाकूड का फुगत नाही, एवढं मी मनात ठेवलं.

मग गादीवाल्या मावशींची भानगड झाली. त्यांचं पूर्वी पडद्यांचं दुकान होतं, आता डब्यातल्या सगळ्या बाकांना त्या नवीन गाद्या शिवत होत्या. हिरवं रेक्झिन, आत काथ्या, वर कापूस, इतकं घट्ट की बोट रुतायचं नाही. एका सकाळी त्या तावातावाने माझ्याकडे आल्या आणि मला मधल्या कप्प्यात घेऊन गेल्या.

“हे बघ.”

खिडकीलगतच्या जागेवर गादी खोलगट झाली होती. रोज कुणीतरी तासन्‌तास बसावं तशी.

“दुसऱ्यांदा भरलीय मी ही. कोण बसतं इथे जेवायला? सरळ सांग, मी रागावणार नाही.” हे त्या पुरेशा रागावून म्हणाल्या.

“अण्णा समोर बसतात,” मी म्हटलं. खरंच समोर बसायचे. त्यांची गादी ताठ होती.

मावशींनी तो खोलगटपणा तळहाताने दाबून पाहिला आणि हात चटकन मागे घेतला. नंतर मी हात ठेवून पाहिला. शेडमध्ये गारवा होता आणि रेक्झिन गार लागायला हवं होतं. ते कोमट होतं, माणूस नुकताच उठून गेलेल्या खुर्चीइतकं. खिडकीतून ऊन येतं का ते मी पाहिलं. त्या बाजूला भिंत होती.

त्याच सुमाराला फोरमनसाहेबांनी अण्णांच्या हातात एक पुठ्ठ्याचा खोका दिला. कुण्या हौशी माणसाने संग्रहालयाला देऊन टाकलेलं, कधीच न उघडलेलं किट. नेमकं ह्याच घडणीच्या डब्याचं. “तुमचा हात नकाशाचा आहे. जोडून द्या, पुढच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवू. डबा चालवायचा मुहूर्त करू तोवर तयार हवा.”

अशा रीतीने रेल्वे आमच्या टेबलावर आली.

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले असतात. एकेक कापून काढायचा, त्याची कापलेली खूण पॉलिशपेपरने घासायची, कोरडा जोडून पाहायचा आणि मगच चिकटवायचं सोल्यूशन लावायचं. अण्णा घाई करायचे नाहीत. मी चिमट्याने भाग धरायचे, ते ब्रशच्या टोकाने सोल्यूशनचा थेंब सांध्यावर टेकवायचे आणि थेंब आपोआप सांध्यातून धावत जायचा. ते बघायला दोघांनाही आवडायचं. सासूबाई गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा टेबलाशी बसून हसलो ते दरवाजाची इवलीशी कडी माझ्या चिमट्यातून उडून नवऱ्याच्या चहात पडली तेव्हा.

किटमध्ये प्रवासीही होते. जड धातूचे, बोटाच्या पेराएवढे, बसलेले. अण्णांनी भिंगाखाली त्यांना रंग दिले. पेपर वाचणारा माणूस, मांडीवर पेटी घेतलेली बाई, झोपलेला एक टकलू, ज्याला माझ्या नवऱ्याने स्वतःच्या साहेबांचं नाव दिलं. एकेकाला त्यांनी कप्प्यांमधून बसवलं. मधल्या कप्प्यात कुणालाच बसवलं नाही.

“इथे खिडकीशी हिला बसवू या ना,” पेटीवालीकडे बोट दाखवत मी म्हटलं.

“तिथे जागा नाही.”

“अहो, रिकामी तर आहे.”

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते, नवल वाटल्यासारखे होते. “तुझी सासू बसते तिथे,” ते म्हणाले आणि पुन्हा भिंगाकडे वळले.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. “दाखवायला हवं कुणालातरी,” तो म्हणाला. “विसरायला लागलेत का?”

“काहीच विसरत नाहीत. मला कालच किराण्याच्या पिशवीत साबण राहिल्याचं सांगितलं.”

“मग?”

मी दिवा बंद केला.

छप्पर शेवटी बसतं. अण्णांनी एका रविवारी सकाळी ते बसवलं, सगळ्या कडेने सोल्यूशन फिरवलं, वर दोन जाड पुस्तकं ठेवली. दुसऱ्या दिवशी पुस्तकं उचलली तेव्हा डबा एकसंध झाला होता. आत जायला आता वाट नव्हती. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या आधीच आतून चिकटवलेल्या.

काम संपल्यावर मी टेबल आवरत होते आणि सहज एका खिडकीतून टॉर्च मारला. आतलं बघायला गंमत वाटते. पेपरवाल्याची सावली पलीकडच्या भिंतीवर पडली, टकलूची पडली. टॉर्च मधल्या कप्प्यावर आणला. बाक रिकामा. पलीकडच्या भिंतीवर मात्र सावली होती: डोकं, खांदे, किंचित खिडकीकडे झुकलेली मान.

मी टॉर्च डावीकडे नेला, सावली उजवीकडे गेली. टॉर्च जवळ आणला, सावली मोठी झाली. सावलीने जे करायचं ते सगळं ती करत होती. फक्त जिची पडायची ती वस्तू दिसत नव्हती.

मी टॉर्च बंद केला आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासताना माझं ठरलं. अण्णांनी माझ्या नकळत एखादी बाहुली तिथे बसवली असणार, काळ्या रंगाची, नीट दिसत नसणार. तसं निघालं तर बरंच होतं. म्हाताऱ्या माणसाने बायकोसाठी खेळात जागा धरली तर त्यात डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही. आणि आत काय आहे हे न उघडता बघायचं तर मला नोकरीच त्याची होती.

“अण्णा, डब्याचा एक्स-रे काढू का?”

त्यांनी थोडा विचार केला. “काढ. पण नेताना धक्का लागू देऊ नकोस.”

नेहमीच्या मशिनवर एवढी बारीक वस्तू नीट उमटत नाही. स्तनांच्या तपासणीचं मशीन असतं, त्यावर बारीक कणही दिसतात. दुपारी पेशंट नसताना मी डबा त्यावर ठेवला. लांबीला मावत नव्हता म्हणून तुकड्या-तुकड्याने फोटो घेतले. पडद्यावर प्लॅस्टिक धुरासारखं दिसत होतं आणि प्रवासी पांढरेफटक, सपाट. धातूतून किरण जात नाहीत, त्यामुळे आत काही दिसत नाही. पेपरवाला, पेटीवाली, टकलू, सगळे तसेच.

मग मधल्या कप्प्याचा तुकडा आला.

खिडकीशी कुणीतरी बसलं होतं. ते धातूचं नव्हतं. कणा दिसत होता, मणका न्‌ मणका. फासळ्या केसासारख्या बारीक. मांडीवर ठेवलेल्या दोन्ही हातांची हाडं. मी तो भाग पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या खुब्यात पांढरीशुभ्र पट्टी होती आणि तिच्यातून आडवे गेलेले स्क्रू.

मला घाम आला नाही की ओरडावंसंही वाटलं नाही. मी स्टुलावर बसून राहिले. हात सवयीने पुढचं करत होता, प्रकाश कमी कर, जास्त कर.

आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर मागून आले. हातात बिस्किट होतं. त्यांना पडद्यावर मोठं केलेलं चित्र तेवढं दिसलं, मशिनवरचा डबा दिसला नाही. त्यांनी वाकून पाहिलं.

“छान बसलीय प्लेट. हाडही जुळलंय,” ते म्हणाले. “कुठली पेशंट?”

“घरातल्याच आहेत,” मी म्हटलं.

“बसवून का घेतलास? आणि हे बघ, मानेच्या इथे कडा पुसट आल्यात.” त्यांनी बिस्किटाने पडद्यावर दाखवलं. “फोटो काढताना हलल्यात त्या. परत घे.”

मी परत घेतला नाही.

चित्र फोनवर घेऊन घरी आणलं. नवऱ्याला दाखवलं नाही. अण्णांना दाखवलं, कारण न दाखवणं मला चोरीसारखं वाटलं. त्यांनी फोन चष्म्याजवळ धरला आणि फार वेळ धरून ठेवला. त्यांचा अंगठा पडद्यावर त्या मानेपाशी थांबला होता.

“ताठ बसलीय,” ते अखेर म्हणाले. “कमरेला उशी द्यायला हवी होती.”

“अण्णा, हे काय आहे?”

“मला काय विचारतेस? तू काढलायस.” मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज मऊ झाला. “अगं, ती मला काही बोलत नाही. भेटत नाही, दिसत नाही. नुसती बसून असते. गाडी हलायची वाट बघत असेल.”

“आणि गाडी हलली की तुम्ही?”

ते फोन माझ्या हातात ठेवून चष्मा पुसायला लागले. तेच मला फोटोपेक्षा जास्त लागलं.

डबा चालवायचा दिवस ठरला तेव्हा मी अण्णांना घरी ठेवायचा विचार करत होते. सर्दीचं निमित्त, पाहुण्यांचं निमित्त. नवरा म्हणाला, “मी त्यांना थांबवतो.” त्याने सकाळी प्रयत्नही केला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, सासूबाईंची पाठीला घ्यायची छोटी उशी काखेत धरून दारात उभे होते. नवऱ्याने उशीकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

“मी त्यांच्या शेजारी बसते,” मी त्याला म्हटलं. “हात सोडत नाही.”

शेडमध्ये माणसं जमली होती. गडद लाल रंगाचा डबा उन्हात ओढून आणलेला, पितळ चकाकत होतं. डिझेलचा मूड होता. फोरमनसाहेब टोपी घालून सगळ्यांना ओरडत होते, म्हणजे खुशीत होते. फेरी लहानशीच: शेडपासून पाण्याच्या टाकीवरून मागच्या भिंतीपर्यंत, तिथे इंजिन थोडं थांबणार आणि डबा ढकलत परत आणणार.

मधल्या कप्प्यात आम्ही दोघंच चढलो. बाकीच्यांनी का टाळला कोण जाणे. मावशी दाराशी आल्या, आत पाहिलं आणि पुढच्या कप्प्यात गेल्या.

अण्णांनी खिडकीच्या जागेवर पाठीशी उशी ठेवली, दोनदा सारखी केली आणि समोर बसले. मी त्यांच्याशेजारी. त्यांचा हात मी धरला होता.

शिट्टी झाली. डबा एकदा कचकन मागे गेला आणि मग पुढे सरकू लागला.

लाकूड करकरत होतं. खिडकीतून वारा येत होता. पाण्याची टाकी गेली, गवत गेलं, जुन्या स्लीपरांचा ढीग गेला. मी बाहेर बघतच नव्हते.

उशी दबली होती.

मधोमध, पाठ टेकावी तशी. डबा सांध्यावरून उडाला की तिच्या सुरकुत्या हलत आणि पुन्हा बसत.

अण्णा बाहेर बघत होते. खिडकीतून जे जे जाईल त्याकडे मान वळवत होते, आणि मधूनमधून समोर बघून किंचित हसत होते. लग्नाच्या अल्बमात त्यांचं असं हसू आहे.

भिंत आली. ब्रेक लागले. डबा थांबला.

पलीकडच्या कप्प्यांतून टाळ्या ऐकू आल्या. मग त्याही थांबल्या. इंजिनाचा धडधडाट तेवढा.

आमच्या उजव्या हाताचं दार, ज्या बाजूला फलाट नाही, नुसती खडी आणि उंच गवत आहे, त्याची कडी उचलली गेली. ती कडी मी महिनाभर घासली होती. जड होती.

दार उघडलं. हळू, एखाद्याला एका हाताने उघडावं लागतं तसं अडखळत.

अण्णांचा हात माझ्या हातात ताठ झाला. ते पुढे झुकले. मी दोन्ही हातांनी धरलं.

“जपून,” ते म्हणाले. “पायरी उंच आहे.”

गवत हललं. दारापासून थोडं पुढे, मग आणखी पुढे.

मग दार लागलं. कडी जागेवर पडली.

उशी सावकाश फुगून पूर्ववत झाली.

“अण्णा,” मी म्हटलं. “अण्णा, तुम्ही बसून राहा.”

“बसलोच आहे की,” ते म्हणाले. त्यांनी माझा हात थोपटला आणि सोडवून घेतला. डोळे पुसले, नाक शिंकरलं. डबा उलटा निघाला तेव्हा ते उठले, समोर गेले आणि खिडकीच्या जागेवर स्वतः बसले. “चांगली जागा आहे,” ते म्हणाले. “वारा लागतो.”

त्या दिवसापासून अण्णा बदलले. बदलले म्हणजे पूर्वीचे झाले. पेपरची पानं उलटायला लागले. फोनवरच्या माझ्या नवऱ्याला मधेच टोकायला लागले. “पोचवून आलो,” एवढंच ते मला एकदा म्हणाले, भाजी निवडता निवडता, आणि मीही नुसतं “हं” म्हटलं. डबा संग्रहालयाला द्यायच्या आधी मी तो पुन्हा एकदा दुपारी मशिनवर ठेवला होता. एका फोटोवर मी कधीच भागवत नाही. मधला कप्पा रिकामा आला. धुरासारख्या भिंती, धुरासारखे बाक, आणि काही नाही. मला हलकं वाटलं. थोडं ओकंबोकंही वाटलं, ते का ते सांगता येत नाही.

मॉडेल पुढच्या दालनात काचेच्या पेटीत गेलं. मधला कप्पा आता इतर कप्प्यांसारखाच होता. खिडकी लावली तशी राहायची, मावशींची गादी ताठ होती. डबा बघायला माणसं यायला लागली आणि फोरमनसाहेबांनी पुढची फेरी जाहीर करून टाकली. मोठी फेरी, थेट जुन्या पुलापर्यंत. “आता मागणी आहे,” ते मिशीवर हात फिरवत म्हणाले.

त्याच्या आदल्या शनिवारी त्यांनी मला दालनात हाक मारली. मॉडेलचा एक दांडा निखळला होता, तो त्यांनी सुपरग्लूने लावला होता आणि पेटी लगेच बंद केली होती. सकाळी पाहिलं तर डब्याच्या सगळ्या खिडक्या पांढुरक्या झालेल्या. बिचारे ओशाळले होते. “माझ्या हातून खराब झालं का हो अण्णांचं काम?”

“वाफ धरते त्याची,” मी म्हटलं. “कोंडलं की पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा थर बसतो. बाहेरून असेल तर निघेल, आतून असेल तर नाही.”

ते कापूस आणि स्पिरिट आणायला गेले. शेजारच्या खोलीत चहा चालला होता. अण्णा कसली तरी जुनी गोष्ट सांगत होते आणि मावशी हसत होत्या.

मी पेटीची काच उचलली, डबा खिडकीच्या उजेडात धरला आणि एका तावदानावरून बोट फिरवलं. बाहेरून स्वच्छ होतं. थर आतून होता, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही खिडकी न सोडता.

आणि एकूण एक खिडकीवर तो थर एका जागी पुसलेला होता. मोहरीएवढा गोल ठिपका, कडेला फिरवलेल्या हाताच्या रेघा, बाहेरचं दिसावं म्हणून पुसतात तसा. प्रवासी बसवले होते त्या कप्प्यांत आणि जिथे कुणालाच बसवलं नव्हतं तिथेही. काही खिडक्यांवर दोन-दोन. ठिपके कमीजास्त उंचीवर होते, बसलेली माणसं कमीजास्त उंचीची असतात तसे. शेवटच्या खिडकीवरचा अगदी खाली होता, चौकटीला लागून. तिथे मूल असणार, आणि ते चवड्यांवर उभं असणार.